फळ्यावरची दोन अक्षरे

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत 'लिंग ओळखा' हा प्रश्न हमखास असतो. तीस वर्षे मी तो शिकवत आलो. टेबल नपुंसकलिंगी, खुर्ची स्त्रीलिंगी आणि फळा पुल्लिंगी का, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. 'रूढी' एवढेच सांगता येते. आमच्या शाळेतले कन्नडचे शिक्षक यावर हसत. त्यांच्या भाषेतला हिशेब सरळ: पुरुष असेल तर पुल्लिंग, बाई असेल तर स्त्रीलिंग, बाकीचे सारे नपुंसक. पण एका शब्दापाशी आमच्या दोन्ही भाषांचे एकमत होते. मराठीत आपण 'मूल आलं' म्हणतो, कन्नडमध्ये 'मगु बंतु' म्हणतात. दोन्हीकडे ते 'ते'च. 'तो' किंवा 'ती' पुढे ठरायचे.

या शब्दाकडे मी नीट पाहिले ते वयाची पस्तिशी उलटल्यावर, आणि तेही एका विद्यार्थिनीमुळे. ती आज चांगली मोठी आहे, नोकरी करते. तिला विचारूनच हे लिहितो आहे. तिचे नाव, गाव किंवा ओळख पटेल असे काही यात येणार नाही.

मी एम. ए. झालो तो मराठी घेऊन. पण सीमाभागातल्या लहान हायस्कुलात शिक्षकाला एकच विषय धरून बसता येत नाही. विज्ञानाचे सर निवडणुकीच्या कामावर गेले की त्यांचा तास माझ्याकडे येई, आणि खेळाला वेगळा शिक्षक नसल्याने मैदानही माझ्याकडेच होते. आनुवंशिकतेचा धडा मी मोठ्या हौसेने शिकवी. फळ्यावर एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला वडील. आईकडे दोन एक्स, वडिलांकडे एक एक्स आणि एक वाय. आईकडून मिळणार तो एक्सच. वडिलांकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. तिसरी मुलगी झाली म्हणून सुनेला माहेरी धाडणारी घरे मी डोळ्यांनी पाहिली होती. त्यामुळे 'यात आईचा काही दोष नाही' हे वाक्य मी आवाज चढवून सांगत असे. ते खरेच होते, आजही खरे आहे. पण तास संपताना मी आणखी एक वाक्य लिहून द्यायचो: 'एक्स-एक्स म्हणजे मुलगी, एक्स-वाय म्हणजे मुलगा. वहीत चौकट करून घ्या.'

त्या चौकटीने पुढे काय केले, ते सांगायचे आहे.

ती दहावीत होती, २००६-०७ साली. उंच, सडपातळ, बोलायला कमी. घरची थोडी भातशेती. कापणी झाल्यावर रिकाम्या शेतात ती अनवाणी पळायची. ८०० मीटरला आमच्या तालुक्यात तिच्यापुढे कोणी नसे. 'माझा छंद' या निबंधात तिने लिहिले होते, 'मी रोज पहाटे पळतो.' आमच्या भागात मुली, बायका सर्रास 'मी येतो', 'मी जातो' असेच म्हणतात. मी तांबड्या शाईने 'पळतो' खोडून 'पळते' केले आणि अर्धा गुण कापला.

त्या डिसेंबरात दोहा येथे आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यातल्या शांती सौंदरराजन हिने ८०० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले, आणि काही दिवसांतच 'लिंगचाचणीत नापास' म्हणून ते काढून घेण्यात आले. वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांची ती मुलगी. वर्तमानपत्रांनी तिच्या शरीराची चर्चा चव्हाट्यावर मांडली. आमच्या स्टाफरूममध्येही ती झाली, आणि मीही तीत होतो.

पुढच्याच महिन्यात एका आंतरशालेय स्पर्धेला मी मुलींना घेऊन गेलो. नावे नोंदवायच्या टेबलापाशी दुसऱ्या शाळेचे एक शिक्षक माझ्या कानाशी लागले. "ही मुलगीच ना हो सर? दोह्याचं वाचलासा न्हवं? हिला अजून न्हाण आलं नाही म्हणे." हे त्यांना कुठून कळले, देव जाणे. मुलींच्या घोळक्यातून गोष्टी फुटतात. कोणी तक्रार केली नव्हती, आयोजकांनी कसला कागद मागितला नव्हता. तरी मी यादी घेतली आणि तिच्या नावावर रेघ मारली. शाळेचे नाव पेपरात यायला नको, एवढाच विचार डोक्यात होता. तिला सांगितले, 'तुझ्या वयाच्या दाखल्यात घोळ आहे.' ते खोटे होते. शर्यत होईपर्यंत ती मैदानाच्या कडेला इतर मुलींच्या चपला आणि स्वेटर सांभाळत बसली.

मे महिन्यात एका संध्याकाळी तिचे वडील घरी आले. हातात बेळगावच्या दवाखान्यातला लिफाफा. सोळा उलटून गेली तरी पाळी येईना म्हणून मुलीला दाखवले होते. "सर, डॉक्टर काय म्हणालेत काय कळेना झालंय. इंग्रजीत लिहिल्यात. तुम्ही वाचा बघू."

सोनोग्राफीत गर्भाशय दिसत नव्हते. रक्ताच्या तपासणीत गुणसूत्रे मोजली होती: '४६, एक्स-वाय'. खाली रोगाचे नाव होते, अँड्रोजेन इन्सेन्सिटिव्हिटी सिंड्रोम. मला वाचता आले, पण कळले काहीच नाही. डोळ्यांपुढे आली ती माझी फळ्यावरची चौकट. 'उद्या डॉक्टरीणबाईंना मीच विचारतो,' असे सांगून मी त्यांना परत पाठवले आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांच्याबरोबर बेळगावला गेलो.

त्या बाई कन्नडभाषिक. मराठी, कन्नड आणि इंग्रजी मिसळून त्यांनी तासभर आम्हाला समजावले. पुढे वाचनाने त्यात भर पडली. दोन्ही मिळून मला कळले ते असे.

गर्भ पहिले सहा आठवडे खरोखरच 'ते' असतो. गुणसूत्रे एक्स-एक्स असोत की एक्स-वाय, शरीराची मांडणी सारखीच. जननग्रंथींचा एकच कच्चा जोड असतो. त्यातून वृषण किंवा अंडाशय, काहीही होऊ शकते. शेजारी नलिकांच्या दोन जोड्या असतात, एकीतून पुरुषाची आतली इंद्रिये होतात, दुसरीतून गर्भाशय. दोन्ही जोड्या प्रत्येक गर्भात असतात. आपण सगळेच त्या अवस्थेतून आलो आहोत.

मग कामाला लागते ती वाय गुणसूत्रावरची एक छोटी सूचना. वाय गुणसूत्राचा लिंगाशी संबंध १९०५ साली दाखवून दिला तो नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन बाईंनी, आणि तोही पिठातल्या किड्यांवरून. त्या किड्यांच्या मादीत २० मोठी गुणसूत्रे होती. नरात १९ मोठी आणि एक अगदी लहान. माणसात एकूण गुणसूत्रे ४६, हे नक्की व्हायला १९५६ साल उजाडले. तोवर पुस्तकांत ४८ छापत. आणि वाय गुणसूत्रावरची ती नेमकी सूचना, म्हणजे 'एसआरवाय' नावाचे जनुक, लंडनच्या शास्त्रज्ञांना सापडले १९९० साली. पुढच्या वर्षी त्यांनी ते जनुक उंदरांच्या एक्स-एक्स गर्भात घातले, तर त्यांतला एक उंदीर नर म्हणून वाढला.

पण हे जनुक करते एवढेच, की कच्च्या ग्रंथीला 'वृषण हो' असे सांगते. पुढचे काम हार्मोनांचे, ज्यांना पाठ्यपुस्तकात आपण संप्रेरके म्हणतो. फ्रान्सच्या आल्फ्रेड जोस्त यांनी १९४०च्या दशकात सशांच्या गर्भातल्या जननग्रंथी पोटातच काढून टाकल्या. तेव्हा नर-गर्भांची शरीरेही मादीच्या वळणाने वाढली. वृषण दोन निरोप पाठवतात. पहिला: गर्भाशयाची नलिका विरून जाऊ दे. दुसरा टेस्टोस्टेरॉनचा: शरीर पुरुषाच्या वळणाने घडू दे. निरोप आलेच नाहीत तर शरीर स्त्रीचे होते. अर्थात स्त्रीचे शरीर 'आपोआप' होते असे पूर्वी म्हणत, तेही अर्धेच खरे; अंडाशय घडायला आणि टिकायला वेगळी जनुके काम करतात, हे आता ठाऊक झाले आहे.

म्हणजे गुणसूत्र, ग्रंथी, हार्मोन, आणि तो हार्मोन ओळखणाऱ्या पेशी, अशी ही साखळी आहे. मी मुलांना पहिली कडी दाखवून तीच साखळी म्हणून सांगितली होती. एखादी कडी निराळी निघाली की गोष्ट निराळी होते. कोणाला एकच एक्स असतो, ती टर्नर सिंड्रोमची मुलगी. कोणा मुलाला दोन एक्स आणि एक वाय असतात. कोणा एक्स-एक्स बाळाच्या अधिवृक्क ग्रंथी पुरुषी हार्मोन जास्त करतात आणि जन्मतःच सुईण गोंधळात पडते. ही सगळी हाडामांसाची माणसे आहेत, आपल्याच गावांत जगतात.

आमच्या मुलीच्या बाबतीत शेवटची कडी निराळी होती. वाय गुणसूत्र होते, पोटात वृषणग्रंथी होत्या, टेस्टोस्टेरॉनही तयार होत होते. पण ते ओळखणारी पेशींमधली यंत्रणा जन्मापासूनच नव्हती. तिच्या वडिलांना हे मी परतीच्या एस.टी.त समजावले. म्हटले, "आपल्याकडे कचेरीतून कन्नडमध्ये नोटीस येते, आणि घरात कन्नड वाचणारं कोणीच नसतं. नोटीस कोनाड्यात पडून राहते. तसं झालंय. हार्मोनचा निरोप सुटला, पण शरीराला तो वाचताच येत नाही. म्हणून शरीर पहिल्यापासून मुलीचंच घडलं. वयात आल्यावर त्याच हार्मोनचं स्त्री-हार्मोनात रूपांतर झालं आणि ती इतर मुलींसारखीच वाढली. फक्त दुसरा तो निरोप, गर्भाशय नको म्हणणारा, तेवढा पोचला. म्हणून पाळी नाही, आणि मूल होणार नाही."

ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे नोटीस आली, पण लागू झाली नाही."

एवढ्या नेमक्या शब्दांत मला वर्गात कधी सांगता आले नव्हते.

घरी तिची आई ऐकत होती. चार वर्षांची असताना मुलीच्या जांघेतल्या हर्नियाचे ऑपरेशन झाले होते. त्या गाठीत तीच ग्रंथी असावी, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्यांनी आणखी एक प्रश्न विचारायला सांगितले होता: आईच्या माहेरी कोणा बाईला पाळी न येण्याचा त्रास होता का? हार्मोन ओळखणाऱ्या यंत्रणेचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, आणि पुष्कळदा ते आईच्या बाजूने येते. प्रश्न ऐकताच आईने पदर तोंडाला लावला. तिची थोरली बहीण. पाळी नाही, मूल नाही. लग्नानंतर तीन वर्षांनी 'वांझ' म्हणून नवऱ्याने परत आणून सोडली. माहेरच्या परड्यात गुरांचे शेण काढत तिने जन्म घालवला आणि गेली. "तिला कुणी कागद दाखवला नाही हो सर," एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

घरात एक चुलतेही बसले होते. त्यांनी सुचवले की हे देवीचे असेल, सौंदत्तीला जाऊन यल्लम्माला विचारून यावे. आमच्या भागात अशा मुलामुलींची वाट तिकडे वळते, हे मला ठाऊक होते. देवदासी सोडण्याला बंदी करणारा कर्नाटकाचा कायदा १९८२चा. पण कायद्याची भीती घालून काही साधले नसते. वडीलच म्हणाले, "नाही. कागदावर सगळं लिहिलंय. देवीला कशाला तरास?"

मग सर्वांनी ठरवले, मुलीला फक्त गर्भाशयाचे सांगायचे, बाकीचे नाही. त्या काळी पुष्कळ डॉक्टरही तसेच करत. मीही मान डोलावली.

ती दाराआडून बाहेर आली. म्हणाली, "मी वाचलोय ते. ट्रंकेत ठेवलेलं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "एक्स-वाय म्हणजे मुलगा, असं तुम्हीच फळ्यावर लिहिलासा सर. चौकट करून घेतलोय आम्ही."

लिफाफा घरी येऊन आठ दिवस झाले होते. आठ दिवस ती पोर आपण मुलगा आहोत की काय, हा विचार घेऊन त्या घरात वावरत होती, आणि तो विचार माझ्या हस्ताक्षरातला होता. मी तिला सगळे सांगितले, काही न वगळता. सहा आठवड्यांचे 'ते', दोन निरोप, न वाचलेली नोटीस. व्याकरणाचाही आधार घेतला. म्हटले, "आकारान्त शब्द पुल्लिंगी, असा नियम मी तुम्हाला दिला. आंबा, घोडा, फळा. मग शाळा? भाषा? शेवटचं अक्षर बघून शब्दाचं लिंग ठरत नाही. माणसाचंही दोन अक्षरांवर ठरत नाही. तू मुलगी म्हणून जन्मलीस, मुलगी म्हणून वाढलीस. तुला स्वतःला काय वाटतं?"

"मी मुलगीच की," ती म्हणाली. तिला त्यात कधी शंका नव्हती. शंका माझ्या चौकटीने घातली होती. थोडे थांबून तिने विचारले, "मग माझं नाव कशाला खोडलासा?"

याला माझ्याकडे व्याकरण नव्हते.

त्यानंतर मी जे वाचले त्याने माझी चूक आणखी मोठी दिसू लागली. स्पेनची अडथळ्यांच्या शर्यतीतली धावपटू मारिया होजे मार्तिनेस-पातिन्यो हिची हीच शरीररचना. १९८५ साली जपानमधल्या कोबे येथे चाचणीत एक्स-वाय निघाले. दुखापतीचे सोंग करून बाजूला हो, असा सल्ला तिला मिळाला. पुढे बातमी फुटली आणि शिष्यवृत्ती, राहण्याची जागा, सारे गेले. ती लढली. तिच्या शरीराला टेस्टोस्टेरॉनचा उपयोगच होत नाही, मग फायदा कसला, हा तिचा मुद्दा होता. १९८८ साली तिला परत पळायची मुभा मिळाली. म्हणजे मी यादीवर रेघ मारली त्याच्या जवळजवळ वीस वर्षे आधी हा प्रश्न सुटलेला होता.

पुढे ओडिशाच्या द्युती चंदला २०१४ साली राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून काढले. तिने स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि २०१५ साली तो नियम स्थगित झाला. शरीरावर टेस्टोस्टेरॉनचा परिणाम झालेल्या खेळाडूंना मुलींबरोबर पळू द्यावे का, यावर आजही जाणती माणसे दोन्ही बाजूंनी बोलतात, आणि तो वाद सोपा नाही. २०२५च्या सप्टेंबरपासून जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने महिला गटासाठी त्याच एसआरवाय जनुकाची चाचणी सक्तीची केली. पण त्या कडक नियमातही, हार्मोनला शरीर मुळीच प्रतिसाद देत नाही अशा स्त्रियांना सूट आहे. आमची मुलगी त्या नियमानेही पात्र ठरली असती. माझ्या टेबलापुढे मात्र ती एका कुजबुजीवर नापास झाली.

डॉक्टरीणबाईंनी पुढचे सगळे नीट केले. त्या ग्रंथींत मोठेपणी गाठ होण्याचा काही धोका असतो, म्हणून काही वर्षांनी, तिला समजावून, तिच्या संमतीने त्या काढल्या. तेव्हापासून हाडांसाठी स्त्री-हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत. कॉलेजात ती दोन वर्षे पळाली. शाळेतली ती शर्यत मात्र परत देण्याजोगी नव्हती.

आता मी मुख्याध्यापक आहे. विज्ञानाचे शिक्षक रजेवर असले तर अजूनही तो तास मी घेतो. एक्स आणि वाय फळ्यावर काढतो. 'आईचा दोष नाही' हे अजून आवाज चढवून सांगतो. पण 'एक्स-वाय म्हणजे मुलगा' याच्यापुढे 'बहुतेक वेळा' हे दोन शब्द लिहितो, आणि ते दोन शब्द कशासाठी, हे समजावण्यात उरलेला तास घालवतो. वर्गात चाळीस मुले असतात. कोणाच्या ट्रंकेत कोणता कागद पुढे येणार आहे, आपल्याला माहीत नसते.

हा लेख लिहून झाल्यावर मी तिला वाचून दाखवला. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "सगळं बरोबर हाय. पण ते वयाच्या दाखल्याचं लिहिलासा काय?"

लिहिले नव्हते. 'तिचे नाव वगळले' एवढ्यावर भागवले होते. ती 'येतो सर' म्हणून गेल्यावर मी कागद पुढे ओढले आणि ते वाक्य घातले.